तबकात पेन्नी, पाकिटात शिवराई

एकोणिसाव्या शतकातील फिनलंडचे तांब्याचे नाणे आणि त्याच शतकापर्यंत महाराष्ट्राच्या बाजारात टिकून राहिलेली शिवराई यांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध काहीही नाही. तरीही इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातील ब्रॅकनेलसारख्या गावात राहून तांब्याची नाणी जमवू पाहणाऱ्या मराठी माणसाच्या टेबलावर ही दोन नाणी शेजारी शेजारी येऊ शकतात, आणि तशी आली म्हणजे नाणेसंग्रह या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामे चालतात हे त्याच्या ध्यानात येते. पहिल्या नाण्यावर वर्ष आहे, मूल्य आहे, राजाची खूण आहे आणि ते कोणत्या टाकसाळीत पडले याविषयी शंकेला जागा नाही; दुसऱ्यावर एका राजाचे नाव आहे, परंतु ते नाणे त्या राजाच्या हयातीतील की त्याच्या मृत्यूनंतर शे-दीडशे वर्षांनी पाडलेले, हे ते नाणे स्वतः होऊन सांगत नाही.

फिनलंड १८०९ मध्ये स्वीडनकडून रशियाकडे गेले आणि १९१७ पर्यंत ते रशियाच्या झारच्या अधिपत्याखालील, परंतु अंतर्गत कारभारात बरीच मोकळीक असलेले संस्थान होते. तेथे आधी स्वीडिश नाणे चालत असे, आणि स्वीडनचा तांब्याचा हव्यास असा की, १६४४ मध्ये पाडलेल्या दहा डालरच्या तांब्याच्या पत्र्याचे वजन साडेएकोणीस किलोच्या वर भरत असे. असे ‘नाणे’ खिशात नव्हे, हातगाडीवर न्यावे लागे. पुढे रशियन रुबल आला; मात्र १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धाने रुबलच्या नोटांची पत घसरली, आणि झार दुसरा अलेक्झांडर याने १८६० मध्ये फिनलंडला ‘मार्का’ हे स्वतःचे चलन मंजूर केले. रुबलचा चौथा हिस्सा म्हणजे एक मार्का आणि मार्काचा शंभरावा हिस्सा म्हणजे एक पेन्नी, असे हे गणित होते. (ब्रिटिश ‘पेनी’ आणि फिनिश ‘पेन्नी’ हे शब्द एकाच घराण्यातील असले तरी नाणी निराळी, म्हणून मराठीत जोडाक्षर राखलेले बरे.) १८६५ मध्ये मार्का रुबलच्या नोटेपासून सुटून थेट चांदीशी जोडला गेला, आणि १८७८ मध्ये तो सोन्याशी बांधला गेला, एका साम्राज्याच्या पोटात राहून त्या साम्राज्याहून अधिक भरवशाचे चलन चालवण्याचे हे उदाहरण अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनाही लक्षणीय वाटावे असे आहे.

या चलनासाठी हेलसिंकी येथे टाकसाळ उभी राहिली, तिच्या प्रमुखपदी आउगुस्ट फ्रेडरिक सोल्डान हा तंत्रज्ञ आला आणि १८६४-६५ पासून एक, पाच आणि दहा पेन्नींची तांब्याची नाणी पडू लागली. त्यांची वजने अनुक्रमे १.२८, ६.४० आणि १२.८० ग्रॅम, म्हणजे पाच पेन्नींचे नाणे हे एक पेन्नीच्या नेमके पाचपट आणि दहाचे नेमके दहापट. बेरीज जमते की नाही हे तराजूवरही तपासता यावे असा हा हिशेब आहे. दर्शनी बाजूस मुकुटाखाली झारच्या नावाचे गुंफलेले आद्याक्षर आणि त्याचा क्रमांक असतो: दुसऱ्या आणि तिसऱ्या अलेक्झांडरसाठी ‘ए’, दुसऱ्या निकोलससाठी ‘एन’. हे ‘एन’ रोमन लिपीतील आहे, रशियन लिपीतील नाही, आणि मागील बाजूचे मूल्य केवळ फिनिश भाषेत आहे. फिनिश भाषेला कारभारात स्थान देणारा जाहीरनामा १८६३ मधला, हे लक्षात घेतले तर या इवल्याशा शब्दाचे वजन कळते. मासळीबाजारात हातोहात फिरणारे नाणे हे त्या भाषेचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वाचले जाणारे सरकारी कागदपत्र ठरले.

अशा नाण्यांचा संग्रह वर्षवार केला जातो. झार तीन, मूल्ये तीन, आणि प्रत्येक मूल्याची ठरावीक वर्षे, एवढे खण आखले की संग्राहकाचे काम रिकामे खण भरण्याचे राहते. १८६४ सालचा एक पेन्नी दुर्मीळ, कारण त्या वर्षी तो फार थोडा पडला. उरलेली बरीचशी वर्षे सहज मिळतात, मात्र तांबे मऊ असल्याने न झिजलेला, मूळची लाली शिल्लक असलेला नग मिळणे अवघड, आणि खरी चुरस त्या लालीसाठी असते. मालिकेचा शेवट तर इतिहासाच्या पुस्तकाला हेवा वाटावा असा आहे: १९१७ मध्ये झारने सिंहासन सोडल्यावर आद्याक्षर गेले आणि नाण्यावर मुकुट नसलेला दुतोंडी गरुड आला, आणि १९१८ च्या यादवी युद्धात हेलसिंकी ताब्यात घेतलेल्या समाजवादी ‘लाल’ पक्षाने त्याच टाकसाळीत पाच पेन्नींचे, तुताऱ्या आणि ‘जनतेचे श्रम, जनतेची सत्ता’ अशा अर्थाचे शब्द असलेले नाणे पाडले. झार, बिनमुकुटाचा गरुड आणि क्रांती हे तिन्ही अंक मिळून संग्राहकाला तीन लहान तांब्याच्या चकत्यांत हाताळता येतात.

येथे तांब्याच्या नाण्यासंबंधी एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चांदीच्या नाण्यात त्याच्या किमतीइतकी किंवा जवळपास तितकी चांदी असे. तांब्याचे नाणे मात्र हळूहळू ‘सांकेतिक’ होत गेले, म्हणजे त्यातील धातूच्या किमतीपेक्षा अधिक किंमत सरकारच्या शब्दावर चालू लागली. फिनलंडच्या शंभर पेन्नींत १२८ ग्रॅम तांबे आणि त्याबदली मिळणाऱ्या एका मार्कात सुमारे साडेचार ग्रॅम शुद्ध चांदी असे. म्हणजे एका ग्रॅम चांदीमागे सुमारे २८ ग्रॅम तांबे. त्याच काळातील ब्रिटिश हिंदुस्थानात एका रुपयाचे चौसष्ट पैसे, प्रत्येक पैसा १०० ग्रेन म्हणजे जवळजवळ साडेसहा ग्रॅमचा, आणि रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. म्हणजे एका ग्रॅम चांदीमागे ३८ ग्रॅमहून अधिक तांबे. पाच पेन्नींचे नाणे आणि आपला पाव आणा वजनाने जवळपास सारखे, दहा पेन्नी आणि अर्धा आणाही तसेच, परंतु सरकारच्या शब्दावर विसंबणे फिनलंडमध्ये अधिक होते. नाणी हातात घेऊन तोलली नाहीत तर हा फरक कोणत्याही चित्रसूचीत दिसत नाही.

शिवराईची गोष्ट याच्या उलट टोकाला सुरू होते. १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी छत्रपती शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. नाण्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ हे शब्द तीन ओळींत आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हा शब्द दोन ओळींत, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. होन अतिशय दुर्मीळ. शिवराई मात्र १६८० मध्ये महाराज गेल्यानंतरही थांबली नाही. छत्रपती बदलले, सत्ता साताऱ्याहून पुण्याकडे सरकली, पेशव्यांच्या परवान्याने खाजगी टाकसाळी निघाल्या, तरी तांब्यावरचे नाव बहुतेक तेच राहिले. राजा शाहू यांच्या नावाची तांब्याची नाणीही आढळतात, परंतु लोकांच्या तोंडी शब्द रुजला तो शिवराई हाच. फिनलंडमध्ये झार गेला की आद्याक्षर बदलले. महाराष्ट्रात राजा जाऊन दीड शतक लोटले तरी त्याच्या नावाचा पैसा भाजीबाजारात चालत होता, आणि ही बाब भक्तीची जितकी, तितकीच बाजाराच्या सवयीचीही आहे, कारण रोजच्या मजुरीचे नाणे ओळखीचे असावे लागते.

या व्यवहाराने मराठी भाषेत जे शब्द सोडले, ते नाण्यांइतकेच जपण्यासारखे आहेत. निरनिराळ्या टाकसाळींचे, निरनिराळ्या वजनांचे नाणे एकाच पेठेत फिरत असल्याने सराफ त्याची पारख करून किमतीत घट धरत असे, आणि त्या घटीला ‘बट्टा’ म्हणत. नावाला बट्टा लागतो तो या सराफकट्ट्यावरून आला. पोतदार, पारखी, नाणावटी, टाकसाळे ही आडनावे त्याच धंद्यातील माणसांची. दोन पैशांच्या जाडजूड नाण्याला ‘ढब्बू’ म्हणत, आणि कपाळाला टेंगूळ आले की त्यावर ढब्बू पैसा दाबून धरण्याचा घरगुती उपाय आजही अनेक आजींना ठाऊक आहे. दमडी, छदाम, अधेला, पै ही नाणी गेली, म्हणी राहिल्या.

एकोणिसाव्या शतकातील शिवराई म्हणून जिचा अभ्यासक सर्वांत आधी उल्लेख करतात ती ‘दुदांडी’ होय. तिच्या मागील बाजूस ‘छत्र’ आणि ‘पति’ या दोन ओळींच्या मध्ये दुहेरी आडवी रेघ असते, त्या दोन दांड्यांवरून हे नाव पडले. ती साधारण १८२० ते १८३० च्या दरम्यानची, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरची आणि साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराज गादीवर असतानाची मानली जाते. त्या काळात कंपनी सरकारनेही जुन्या वळणाची नाणी लगेच बंद केली नाहीत, कारण तांब्याचे चालू नाणे एकदम काढून घेतले तर शेतमजुराचा बाजारहाटच बंद पडतो. १८३५ मध्ये कंपनीने सर्व मुलखासाठी एकच रुपया आणि एकच पैसा आणला, तरीही शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पेठांतून पूर्णपणे हटली नव्हती.

आता या नाण्याचा संग्रह कसा करावा, हा खरा प्रश्न आहे. शिवराई हाताने पाडलेली: तापवलेल्या तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा तिच्यावर धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. एकावर ‘राजा’ दिसतो तर ‘श्री’ बाहेर गेलेला असतो, दुसऱ्यावर ‘पति’ मधली वेलांटी तेवढी उरते. ठसे कोरणारे कारागीर अनेक आणि त्यांचे शुद्धलेखन आपापले, म्हणून ‘शिव’ हा शब्द ‘सिव’, ‘सीव’, ‘शीव’ अशा वळणांनी येतो. शिवाय सूर्य, चंद्र, त्रिशूळ, पान, फूल अशा लहान खुणा मधूनच डोकावतात. एकाच नावाच्या नाण्यांत ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक सहज आढळतो. म्हणून येथे वर्षांचे खण आखून भागत नाही. अक्षरांची वळणे, खुणा आणि वजन यांवरून गट पाडावे लागतात, एकाच ठशातून पडलेली दोन नाणी ओळखून ती जुळवावी लागतात, आणि अर्धवट उतरलेल्या पाच-सहा नाण्यांवरून मूळ ठसा कागदावर पूर्ण करावा लागतो. पेन्नीच्या संग्राहकाला सूचीपुस्तक तयार मिळते; शिवराईच्या संग्राहकाला त्यातली पाने अजून स्वतः लिहावी लागतात, आणि प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने या छंदातील अधिक मोलाचे काम हे दुसरे आहे.

ते काम बर्कशायरमध्ये बसून करणे वाटते तितके विचित्र नाही. ब्रॅकनेल हे १९४९ मध्ये नवनगर म्हणून नेमले गेलेले गाव. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय तेथे २००३ पर्यंत होते, पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे या पट्ट्यात भारतीय कुटुंबे वाढली. गावाच्या दक्षिणेच्या जंगलात ‘सीझर्स कॅम्प’ नावाचा लोहयुगीन गढीचा परिसर आणि त्याला लागून रोमन काळच्या वस्तीची जागा आहे, तेव्हा जमिनीखालची जुनी नाणी ही कल्पना या गावाला परकी नाही. एका बाजूला रेल्वेने लंडन आणि ब्रिटिश संग्रहालयाचा नाणेविभाग, दुसऱ्या बाजूला रेडिंगवरून ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील हेबरडेन नाणेदालन. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पौर्वात्य नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली ‘ओरिएंटल न्यूमिस्मॅटिक सोसायटी’ मायकेल ब्रूम यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये इंग्लंडमध्येच स्थापन झाली, आणि मराठ्यांच्या टाकसाळींवरील ज्या इंग्रजी ग्रंथावाचून आजही कोणाचे पान हलत नाही, तो केनेथ विगिन्स या इंग्रज अभ्यासकाने के. के. माहेश्वरी यांच्या जोडीने लिहिला आणि १९८९ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीतील नाणकशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. इंग्लंडमधला भिंगवाला आणि अंजनेरीच्या पायथ्याचे छापील पुस्तक, असा हा व्यवहार आहे.

याखेरीज मराठी मुलखातील एक तांब्याचे नाणे असे आहे, जे जन्माने इंग्लंडचेच. मॅथ्यू बोल्टन याने बर्मिंगहॅमच्या सोहो येथे वाफेच्या यंत्रावर चालणारी टाकसाळ उभारली, आणि तेथे मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ सालची तांब्याची नाणी पडून जहाजाने मुंबईस गेली. एका बाजूस कंपनीच्या गाठोड्यांवरचे व्यापारचिन्ह, दुसऱ्या बाजूस तराजू आणि त्यात फारसी लिपीत ‘अदल’ म्हणजे न्याय. मूल्यांत चक्क दीड पैशाचेही नाणे. १८०४ मध्ये सोहोतूनच कंपनीच्या ढालचिन्हाची नवी मालिका आली, आणि पुढे मुंबईत वाफेची टाकसाळ निघाल्यावर १८३० ते १८३३ च्या पाव आण्यावरही तराजू कायम राहिला. घणाने पाडलेल्या, कडा फाटलेल्या शिवराईशेजारी हे काटेकोर गोल नाणे ठेवले की पुण्याच्या आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतले अंतर डोळ्यांना दिसते. मात्र पेठेतल्या माणसाने पुढे कित्येक वर्षे दोन्ही नाणी एकाच कनवटीला खोचली. सोहोची टाकसाळ १८५० मध्ये मोडीत निघाली तेव्हा तिची यंत्रे बर्मिंगहॅमच्याच हीटन यांनी विकत घेतली, आणि योगायोग असा की, स्वतंत्र फिनलंडची १९२१ सालची काही निकेलमिश्रित नाणी याच हीटन टाकसाळीतून पडून गेली. त्यांवर ‘एच’ हे अक्षर आहे. शिवराईचा आणि पेन्नीचा संबंध काहीही नाही असे आरंभी म्हटले खरे, पण बर्मिंगहॅममधून पाहिले तर दोन्ही देशांच्या चिल्लरीवर एकाच गावची धूळ दिसते.

आता कायद्याची बाजू, जी परदेशस्थ संग्राहकाला सर्वांत आधी समजून घ्यावी लागते आणि नेमकी तीच सर्वांत उशिरा कळते. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था यांखेरीज कोणालाही ती देशाबाहेर नेता येत नाही. उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. शिवराई तर सोडाच, आजीच्या ट्रंकेतला पंचम जॉर्जचा पैसाही दरवर्षी एकेक साल पुढे सरकणाऱ्या या रेषेच्या आत येत चालला आहे. म्हणून सुट्टीवरून परतताना बॅगेत टाकलेली मूठभर ‘जुनी चिल्लर’ हा निरुपद्रवी प्रकार नाही. ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या शिवराया बहुतेक जुन्या इंग्रजी संग्रहांतून लिलावात आलेल्या असतात, आणि विकत घेताना त्या संग्रहाचे नाव आणि जुनी चिठ्ठी मागून घेणे हा शहाणपणा आहे. जमिनीत सापडलेल्या नाण्यांबाबतही दोन्हीकडे नियम आहेत: भारतात १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरील सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळवायला लावतो, तर इंग्लंडात १९९६ च्या कायद्याने तीनशे वर्षांवरील तांब्याची दहा किंवा अधिक नाणी एकाच जागी सापडली तर त्यांची वर्दी द्यावी लागते.

मराठी घराला एक सवय मात्र मोडावी लागते. ताम्हन, पळी, तांब्या चिंचेने घासून लखलखीत करणे हे आपल्याकडे स्वच्छतेचे लक्षण. नाण्याला चिंच लावली की त्याचा अंत. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी थर हाच त्याचे रक्षण करतो, आणि आम्लाने तो निघून गेला की अक्षरांच्या कडाही झिजतात, नाणे गुलाबी व निर्जीव दिसू लागते आणि जाणकाराच्या लेखी त्याची किंमत उतरते. हिरवट, गुळगुळीत थर धोक्याचा नसतो. भुकटीसारखा सुटणारा फिकट हिरवा डाग मात्र रोगाचा, कारण क्षार आणि दमट हवा मिळाली की तो धातू आतून खात जातो. कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेली नाणी इंग्लंडच्या ओलसर हिवाळ्यात या रोगाने लवकर ग्रासली जातात. शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवून क्षार काढणे, पूर्ण कोरडे करणे आणि मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी कागदी पाकिटात ठेवणे, एवढे साधे उपाय पुरतात. मऊ प्लास्टिकमधून सुटणारे रसायन तांब्याला हिरवे चिकट करते.

त्या पाकिटावर काय लिहावे, यात दोन संग्रहांतला फरक शेवटी उतरतो. पेन्नीच्या पाकिटावर झार, मूल्य, वर्ष आणि झिजेची प्रत एवढे लिहिले की काम झाले. शिवराईच्या पाकिटावर दोन्ही बाजूंचा जितका मजकूर दिसतो तितकाच, न दिसणारी अक्षरे कंसात. ‘शिव’ चे वळण. रेघ एक की दोन. खूण असल्यास तिची जागा. वजन ग्रॅमच्या दुसऱ्या दशांशापर्यंत. व्यास दोन दिशांनी, कारण चकती गोल नसते. आणि ते नाणे कोठून, कोणाकडून, कधी आले. घरच्या कलशात सुपारीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या घातली जाणारी शिवराई असेल तर ती कलशातच राहू द्यावी आणि गावातल्या सोनाराच्या काट्यावर तोलून, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून, गावाच्या नावासह तिची नोंद ब्रॅकनेलच्या पाकिटांत एका रिकाम्या पाकिटावर करावी.